नर्सिंगचा विषय राहिला, म्हणून नर्सिंग सुटते का?

राधानगरी, शाहूवाडी, चंदगड, गगनबावडा या तालुक्यांतल्या अनेक घरांत मुलीचा नर्सिंगचा प्रवेश हा सगळ्या घराचा बेत असतो. उसाचे बिल आले की पहिला हप्ता भरायचा, मुलीची कोल्हापुरात वसतिगृहात सोय करायची, चार वर्षांनी ती सरकारी नोकरीला लागली की धाकट्याचे शिक्षण तिच्या पगारातून करायचे. मग पहिल्या सत्राचा निकाल लागतो आणि अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पेपर राहतो. कधी दोन विषय राहतात. बारावीला चांगले गुण असलेली मुलगी नापास कशी झाली, हे घरात कुणाला कळत नाही. मुलीलाही सांगता येत नाही.

पुढचे निर्णय फार झटपट होतात. कुणी म्हणते, फी वाया घालवण्यापेक्षा स्थळे बघायला सुरुवात करू. कुणी ओळखीच्या डॉक्टरांच्या लहान दवाखान्यात तिला चिकटवून देते; तिथे तिला पांढरा कोट मिळतो आणि रुग्ण तिला 'सिस्टर' म्हणू लागतात. कुणी तिला गावाजवळच्या महाविद्यालयात बी.ए.ला घालते. हे तिन्ही निर्णय एका आठवड्यात होऊ शकतात, आणि बहुतेक वेळा नियमांचा कागद न वाचताच होतात. तो कागद वाचला तर लक्षात येते की एखादा विषय राहणे आणि नर्सिंग सुटणे यांत बरेच अंतर आहे. अडचण अशी की ते अंतर मुलीला समजावून सांगणे हे कुणाचेच नेमून दिलेले काम नाही.

जागा वाढल्या, गळती कुणी मोजायची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या परिचर्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आणि परिचारक होते, आणि तरीही सुमारे ५८ लाखांची उणीव होती. भारतातही वाढत्या गरजेवर उत्तर म्हणून जागा वाढवल्या जात आहेत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये काढायला मंजुरी दिली. त्यासाठी १,५७० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि त्यातून दरवर्षी सुमारे १५,७०० नवे पदवीधर मिळतील असे सांगण्यात आले. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि सुईण आयोग कायदा संमत केला. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा हा कायदा आहे.

जागांचा हिशेब असा काटेकोर होतो. पण शंभर मुली पहिल्या वर्षाला बसल्या, त्यांतल्या किती चार वर्षांत बाहेर पडल्या, किती सहा वर्षांत, आणि किती मधेच घरी गेल्या, हा हिशेब महाविद्यालयाच्या फलकावर सहसा दिसत नाही. पहिल्या वर्षात सोडून गेलेली प्रत्येक मुलगी म्हणजे भरूनही रिकामी राहिलेली जागा. तिच्यावर तिच्या घराचा आणि अनेकदा सरकारचाही पैसा खर्च झालेला असतो, आणि वॉर्डात एक परिचारिका कमीच राहते.

मुली कुठे अडखळतात

बी.एस्सी. नर्सिंगचा २०२१ चा सुधारित अभ्यासक्रम आठ सत्रांचा आहे. पहिल्या सत्रात इंग्रजी संभाषण, अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे असे विषय येतात. पुढच्या सत्रात जीवरसायनशास्त्र आणि आहारशास्त्र, तिसऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, बारावीला विज्ञान असूनही प्रश्नोत्तरे पाठ करून पास झालेल्या मुलीसमोर हे सगळे एकदम इंग्रजीत येते. अवयवांची नावे, त्यांची लॅटिन रूपे, लांबलचक व्याख्या. वर्गात कळले तरी उत्तरपत्रिकेत मांडता येत नाही. अनेकदा मुलगी विषयात कच्ची नसते, भाषेत कच्ची असते; निकाल मात्र 'अॅनाटॉमीत नापास' एवढेच सांगतो.

दुसरा अडथळा गणिताचा. औषधशास्त्रात दशांश, मिलिग्रॅम आणि मिलिलिटर, थेंबांचा वेग हे सगळे हिशेब येतात. तिसरा अडथळा हजेरीचा. घरात लग्न, आजारपण, सुगी, यात्रा असे काही आले की मुलीला बोलावून घेतले जाते. नियम सांगतो की प्रत्येक विषयात किमान ८० टक्के हजेरी हवी आणि पदवी मिळण्याआधी रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे तास १०० टक्के भरलेले हवेत. म्हणजे परीक्षेत नापास होणे, अंतर्गत गुण कमी पडणे आणि हजेरीअभावी परीक्षेला बसू न मिळणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. घरी मात्र तिन्हींसाठी एकच शब्द पोचतो: नापास.

चौथी गोष्ट कमी बोलली जाते. अठरा वर्षांची मुलगी प्रथमच मृत्यू पाहते, उघडी जखम पाहते, अनोळखी पुरुषाचे अंग पुसते. काहींची झोप उडते, काही वॉर्डाच्या दिवशी आजारी पडतात. त्याचा परिणाम अभ्यासावर होतो आणि निकालात तो 'विषय राहिला' असा दिसतो.

कसोटी सैल करून चालत नाही

मग पास होण्याची अट थोडी खाली आणावी, असे कुणाला वाटू शकते. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर ते बरोबर नाही. एक साधे उदाहरण इन्सुलिनचे. भारतात इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० युनिटच्या सिरिंजला लाल टोपण आणि १०० युनिटच्या सिरिंजला नारिंगी टोपण. १०० युनिटचे इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर अर्धा मिलिलिटर औषध आत येते. म्हणजे रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट, अडीचपट मात्रा. रात्री दोन वाजता, एकटी ड्यूटीवर असताना हा फरक ओळखणे हेच परिचारिकेचे शिक्षण. साखर एकदम उतरून वृद्ध रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो, दगावूही शकतो. लेखी आणि प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे किमान ५० टक्क्यांची अट आहे ती यासाठी.

तेव्हा कसोटी तशीच ठेवून मुलीला त्या कसोटीपर्यंत कसे पोचवायचे, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत नर्सच्या परवाना परीक्षेत नापास झालेला उमेदवार ४५ दिवसांनंतर पुन्हा बसू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला एक अहवाल मिळतो. औषधोपचार, संसर्गनियंत्रण, मानसिक आरोग्य अशा एकेका भागात तो उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर होता, जवळपास होता की खाली, हे त्यात असते. काय वाचायचे ते त्याला कळते. आपल्याकडच्या मुलीच्या हातात येतो तो फक्त आकडा.

पहिली वाट: आहे तिथेच राहणे

विषय राहिल्यावर सर्वांत आधी आपली परीक्षा कोण घेते, हे मुलीने आणि पालकांनी पाहावे. कोल्हापूर परिसरातील बी.एस्सी. नर्सिंगची बरीच महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत; अभिमत विद्यापीठाच्या महाविद्यालयाची परीक्षा ते विद्यापीठ स्वतः घेते; आणि एएनएम व जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. फेरमोजणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुढच्या परीक्षेचा अर्ज यांच्या मुदती ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात, आणि त्या निकालानंतर थोड्याच दिवसांत संपतात. मुलगी रुसून गावी गेली आणि महिन्याने परतली तर एक संधी हातची गेलेली असते.

दुसरे, एखादा विषय राहिला म्हणून वर्गातून उठावे लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार विद्यार्थिनी पुढच्या सत्राच्या वर्गांना बसू शकते. मात्र पाचव्या सत्राच्या परीक्षेआधी, पुन्हा सातव्या सत्राच्या परीक्षेआधी आणि शेवटी आठव्याच्या आधी मागचे सगळे विषय सुटलेले हवेत. पहिल्या सत्रात राहिलेला पेपर सोडवायला त्यामुळे एकाहून अधिक संधी मिळतात, पण तो तसाच मागे ओढत नेला तर पाचव्या सत्राच्या दारात अडकायला होते. पूर्ण पदवीसाठी जास्तीत जास्त आठ वर्षांची मुदत आहे. चार वर्षांचा अभ्यासक्रम पाच किंवा सहा वर्षांत पूर्ण केलेल्या मुलीची पदवी आणि नोंदणी इतरांसारखीच असते. जीएनएमलाही अशी कमाल मुदत आहे. ती माहितीपुस्तिकेत पाहून कागदावर लिहून ठेवावी.

तिसरे, पैशाचे. राज्यात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ती लागू होत नाही. राहिलेल्या वर्षासाठी सवलत किंवा शिष्यवृत्ती चालू राहते का, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात तोंडी न विचारता लेखी विचारावे. 'नाही' असे उत्तर आले तरी ते वेळेवर कळलेले बरे.

दुसरी वाट: एक पायरी खाली उतरून पुन्हा वर

काही मुलींना खरोखरच पदवीचा अभ्यास झेपत नाही, किंवा मुदत संपते, किंवा फी परवडत नाही. त्यांच्यासाठीही नर्सिंगचा जिना आहे. त्याच्या पायऱ्या मात्र नीट समजून घ्याव्या लागतात.

जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. बारावीला कुठलीही शाखा चालते, इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण हवेत. वयाची मर्यादा १७ ते ३५. त्यात रुग्णालयातील कामावर भर असल्याने, हाताने शिकणाऱ्या मुली इथे चांगल्या रुळतात. जीएनएम पूर्ण करून नोंदणी झाली की दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा मार्ग खुला असतो. म्हणजे तीन अधिक दोन अशा पाच वर्षांत पदवी हातात येते, आणि मधल्या टप्प्यावर मुलगी नोंदणीकृत परिचारिका म्हणून कमावतीही झालेली असते. सरकारी रुग्णालयांतल्या अधिपरिचारिका पदासाठीही जीएनएम चालते.

एएनएम हा दोन वर्षांचा, मुलींसाठीचा अभ्यासक्रम. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेचे काम यातूनच येते: गरोदर मातांची तपासणी, लसीकरण, बाळंतपण, कुटुंबकल्याण. वाडीवस्तीवरच्या आरोग्यव्यवस्थेचा कणा असलेले हे काम हलके मानण्याचे काहीच कारण नाही. एएनएम म्हणून नोंदणी झालेली मुलगी पुढे जीएनएमला पात्र ठरते. दोन, तीन आणि दोन अशी सात वर्षांची ही वाट लांब आहे, पण प्रत्येक पायरीवर नोंदणी आहे आणि प्रत्येक पायरीवर पगार आहे.

एक कटू गोष्ट आधीच सांगायला हवी. बी.एस्सी.ची दोन वर्षे झाली म्हणून जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला थेट बसवून घेतील, असे समजू नये. नवा अभ्यासक्रम पहिल्या वर्षापासून सुरू होतो. कुणी 'थेट दुसऱ्या वर्षाला' प्रवेश देऊ करत असेल तर पैसे देण्याआधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे चौकशी करावी. हीच काळजी बेळगाव, बेंगळुरूकडे प्रवेश घेताना घ्यावी. कोल्हापूरच्या सीमेपलीकडे महाविद्यालये बरीच आहेत आणि दलालही. तिथल्या पदवीवर महाराष्ट्रात नोंदणी होते का, हा प्रश्न प्रवेशाच्या आधी विचारायचा असतो, पदवी घेऊन परत आल्यावर नव्हे.

इंग्लंडने अशी मधली पायरी मुद्दाम तयार केली. तिथे 'नर्सिंग असोसिएट' ही सहायक आणि नर्स यांच्यामधली भूमिका आणली गेली आणि जानेवारी २०१९ पासून तिची अधिकृत नोंदणी सुरू झाली. तिथून पुढे शिकून नर्स होता येते. आपल्याकडे एएनएम आणि जीएनएमच्या पायऱ्या कितीतरी आधीपासून आहेत. फक्त त्यांच्याकडे 'पदवी मिळाली नाही म्हणून' अशा नजरेने पाहिले जाते.

तिसरी वाट: रुग्णालयातच, पण वेगळे काम

काही मुलींना रुग्णालय आवडते, परिचर्या झेपत नाही. त्यांना प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह यांतील तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या सहायक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली, त्यामुळे या कामांनाही नोंदणीची चौकट मिळू लागली आहे. मधुमेह आणि उच्च रक्तदाबाने मूत्रपिंडे निकामी होणारे रुग्ण वाढत असताना डायलिसिसचे तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, तालुक्यालाही लागतात.

कौशल्य विकास योजनेतला 'जनरल ड्यूटी असिस्टंट' हा रुग्णसहायकाचा लहान अभ्यासक्रम आहे. अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरवणे, चालवणे, नाडी आणि ताप मोजणे ही त्यातली कामे. घरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना शहरात मागणी आहे. पुन्हा परीक्षेला बसेपर्यंत कमाई करायला आणि रुग्णाजवळ राहायला हे काम चांगले. पण ही नर्सिंगची पायरी नाही. त्यातून परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही. हे स्वतःलाही आणि रुग्णालाही स्पष्ट असावे.

परदेशाचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. त्यानंतर 'नापास असाल तरी जर्मनी' असे सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला इथले पूर्ण झालेले शिक्षण आणि जर्मन भाषेची परीक्षा दोन्ही लागतात.

जी वाट धरू नये

आता पांढऱ्या कोटाकडे वळू. नर्सिंग अर्धवट सोडलेली मुलगी लहान दवाखान्यात 'सिस्टर' म्हणून लागते तेव्हा सगळ्यांनाच ते सोयीचे वाटते. दवाखान्याला कमी पगारात अर्धीमुर्धी शिकलेली मदतनीस मिळते. मुलीला घरी सांगायला नोकरी मिळते. दोन-तीन वर्षांत ती सलाईन लावते, इंजेक्शन देते, कधी बाळंतपणात उभी राहते. हात बसतो आणि तिला वाटते, आता परीक्षेची गरजच काय?

कायद्याच्या दृष्टीने ती कुणीही नसते. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ प्रमाणे परिचारिका म्हणून काम करायला राज्य परिषदेची नोंदणी लागते. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदाही पात्र परिचारिका योग्य प्रमाणात असाव्यात, असे सांगतो. एखादा रुग्ण दगावला आणि चौकशी आली की पहिला प्रश्न येतो: इंजेक्शन कुणी दिले? त्या वेळी कागदावर नाव नसलेली ही मुलगी सगळ्यांत उघडी पडते. तिला अनुभवाचा दाखला मिळत नाही, भविष्यनिर्वाह निधी बहुधा नसतो, पगार वाढत नाही. पाच वर्षांनी ती पुन्हा शिकायला निघते तेव्हा आठ वर्षांची मुदत संपत आलेली असते. रुग्णाचे नुकसान तर आहेच. इन्सुलिनच्या दोन टोपणांतला फरक तिला कुणी शिकवलेला नसतो.

हिचीच दुसरी बाजू म्हणजे 'एका वर्षात नर्सिंग' शिकवणारे वर्ग. गल्लीतल्या पाटीवर 'नर्सिंग डिप्लोमा' लिहिलेले असते, गणवेश असतो, दवाखान्यात कामाला पाठवतातही. पण एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग हे तीनच प्रवेशाचे मान्य दरवाजे आहेत, आणि त्यांतला सर्वांत लहान दोन वर्षांचा आहे. एक वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन परिचर्या परिषदेत गेले तर नोंदणी होत नाही. नापास झालेल्या, घरी तोंड दाखवायला लाजणाऱ्या मुली अशा वर्गांकडे सहज वळतात, हे त्यातले मोठे दुःख.

महाविद्यालय सोडायचेच ठरले तर मूळ कागदपत्रे परत घ्यावीत. उच्च शिक्षण संस्थांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. उरलेल्या फीसाठी दहावी-बारावीचे कागद रोखले जात असतील तर लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी, मग विद्यापीठाकडे तक्रार करता येते.

मुलीकडे बघायचे कसे

निकालानंतरचे पंधरा दिवस जपण्याचे असतात. गावात पेढे वाटून पाठवलेली मुलगी परत येताना काय घेऊन येते, ते तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसेलच असे नाही. जेवण सोडणे, खोलीत कोंडून घेणे, 'मी सगळ्यांचे पैसे बुडवले' असे पुन्हा पुन्हा म्हणणे ही लक्षणे दिसली तर त्या मुलीला एकटे ठेवू नये. टेली-मानस या सरकारी मोफत दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे; तिथे मराठीतही बोलता येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, ही त्यातली एक. नर्सिंग महाविद्यालयेही शिक्षणसंस्थाच आहेत. पालकांनी महाविद्यालयात जाऊन विचारावे, आमच्या मुलीने बोलायचे कुणाशी?

लग्नाचा निर्णय निकालाच्या महिन्यात घेऊ नये. पुढची परीक्षा होऊ द्यावी. तो निकाल पाहून मग घर काय ते ठरवो.

कोल्हापूरचीच जुनी रीत

महाविद्यालयांना करता येण्यासारखे बरेच काही आहे आणि त्यातले बहुतेक फारसे खर्चाचे नाही. पहिल्या सत्राच्या आरंभी काही आठवडे इंग्रजी आणि औषधांच्या गणिताची तयारी करून घेणे. अॅनाटॉमी शिकवताना संज्ञा इंग्रजीत, पण समजावणे मराठीत. निकाल आणि पुढची परीक्षा यांच्यामध्ये राहिलेल्या मुलींसाठी वेगळा वर्ग. प्रत्येक नापास मुलीसोबत अर्धा तास बसून तिची उत्तरपत्रिका, तिची हजेरी आणि तिच्या पुढच्या तारखा यांचा एक कागद तयार करणे आणि त्याची प्रत घरी पाठवणे. विद्यापीठ आणि मंडळाने आणखी एक करावे: दर वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणी अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडल्या, हे महाविद्यालयनिहाय जाहीर करावे. प्रवेश घेताना पालक इमारत आणि बस पाहतात. हा आकडा समोर असेल तर तेही तो पाहतील.

कोल्हापूरला ही गोष्ट नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात विद्यार्थी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. शाळा उघडी आहे एवढ्याने खेड्यातले मूल शिकत नाही. त्याला राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि पाठीशी कुणीतरी हवे, हे त्यांनी ओळखले होते. मुलाला शाळेत घेणे हे अर्धेच काम आणि त्याला तिथे टिकवणे हे उरलेले अर्धे, हा विचार त्या वसतिगृहांमागे होता. नर्सिंगच्या जागा वाढवताना त्यातले पहिले अर्धे काम होत आहे.

तोवर राहिलेल्या विषयाची मुलगी घरी आली तर आईवडिलांनी तिला आधी जेवू घालावे. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत कोल्हापूरची गाडी धरावी, महाविद्यालयाच्या कार्यालयात जावे आणि तीन तारखा लिहून घ्याव्यात: छायाप्रतीच्या अर्जाची शेवटची तारीख, पुढच्या परीक्षेच्या अर्जाची तारीख, आणि तिची कमाल मुदत संपते ते वर्ष. बाकीचे बोलणे त्यानंतर.